सात्यांचा पुकारा

आमच्या अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात माणसाच्या गळ्यातलं खोटं आणि जमिनीतलं विष, दोन्ही अचूक ओळखणारा एकच माणूस झाला, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. चांगलं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मी त्यांना भाऊ म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात, कारण मेहकरला मी शाळेत मराठी शिकवतो. भाऊ कोर्टात पुकारा करायचे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी कोर्टाच्या दारात उभं राहून वादी-प्रतिवादींची नावं पुकारली. आवाज असा, की आवारातल्या लिंबाखाली पेंगणारा आरोपी तर उठायचाच, पण समोरच्या टपरीवर चहा पिणारे, ज्यांचा कोर्टाशी काडीचा संबंध नाही असे दोघे-चौघेही दचकून उभे राहायचे. साक्षीदाराला शपथ देण्याचं कामही बहुतेक त्यांच्याकडेच असायचं. हजारो माणसं त्यांच्यासमोर 'खरं सांगेन' म्हणाली आणि त्यातली निम्मी तिथल्या तिथे खोटं बोलली. ते ऐकून ऐकून भाऊंनी एक सिद्धान्त बसवला होता. "खोटा साक्षीदार कसा, धडाधडा बोलते. घाटातून उतरणाऱ्या एस्टीवानी, थांबतच नाई. खरा माणूस अडखळते. त्याले आठवा लागते ना बापा!" हा सिद्धान्त ते आल्यागेल्याला ऐकवत. मी तो ऐकला की मान डोलवायचो आणि विषय बदलायचो. का, ते पुढे येईलच.

तर हा माणूस पावसाळा लागला की कामातून जायचा. पुस्तकात जिला अळंबी म्हणतात आणि हॉटेलच्या कार्डावर मशरूम, तिला आमच्या घरात सात्या म्हणतात. आणि जी खाऊ नये ती सगळी सरसकट कुत्र्याची छत्री. सात्या आणि कुत्र्याची छत्री यांच्यामध्ये एका माणसाचा जीव मावेल एवढंच अंतर असतं, आणि भाऊ आयुष्यभर त्या अंतरात मजेत फिरले. ढग रात्रभर गडगडले की सकाळी ते बांबूची टोपली घेऊन निघालेच म्हणून समजा. रजेचा अर्ज ते आकाश बघून लिहायचे. राजूर घाट उतरून रोहिणखेडच्या वाटेला त्यांचं दोन एकर वावर आहे, त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसाखाली एक जुनं वारूळ आहे, आणि भाऊंच्या मते जगाची नाभी तिथेच आहे. नागपंचमीला गावातल्या बाया त्या वारुळाची पूजा करायला येत. भाऊ बौद्ध, त्यांना पूजेचं काही देणंघेणं नव्हतं, पण ते आदल्या दिवसापासून तिथे पहारा देत आणि प्रत्येकीला हात जोडून सांगत, "बाई, पूजा खुशाल करा, पण दूध जरा तिकून ओता. इकून माह्या सात्या येऊन राह्यल्या." बाया बिचाऱ्या दूध तिकून ओतत. एका म्हातारीने तर पुढच्या वर्षी नागाला आणि सात्यांना दोघांनाही लाह्या वाहिल्या.

वारुळापाशी पोचलं की भाऊंचं कोर्ट भरायचं. ते दोन्ही हात तोंडाशी धरायचे आणि ओसाड माळावर पुकारा व्हायचा, "पांढऱ्या टोपीवाला, राहणार पळसाखाली, हाऽजीर हो!" मग गुडघ्यावर बसून एकेकाची उलटतपासणी. मूळ कुठवर गेलंय? वारुळात खोल गेलं असेल तर खानदान चांगलं. टोपीखालच्या पाकळ्यांचा रंग काय? वास कसा? आणि शेवटचा, ज्यावर सगळा निकाल, तो प्रश्न म्हणजे मानेला कडं आहे का आणि बुडाशी वाटी आहे का. "मानेले कडं अन् बुडाले वाटी, त्याची जमानत नाई." एवढं म्हणून ते आरोपीला दूर भिरकावत आणि हात मातीने घासून पाण्याने धूत. सापडलेली सात्या दुसऱ्याला दाखवायची तर ती बोटाने नाही, कोपराने. बोट दाखवलं की कुजते. मी एकदा छेडलं, "भाऊ, आपल्यात हे चालतं का? अंधश्रद्धा आहे ही." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, बोट दाखवलं की चार लोकाले दिसते. चार लोकाले दिसली की सांजपावतर राहते का? मंग तुमच्याच मराठीत त्याले कुजणं म्हणा."

पण खोटं कशाला बोलू, त्यांच्यासोबत त्या माळावर जायला मला फार आवडायचं. श्रावणातला एखादा शनिवार-रविवार मी बुलढाण्याला यायचो तो त्यासाठीच. पहाटेचं धुकं घाटातून वर येऊन घरांच्या ओट्यांवर बसलेलं असायचं, आणि आम्ही त्याच्यातूनच खाली उतरायचो. खाली गेलं की उजेड दुधाळ, तरोट्याच्या पाल्याचा ओला वास, पळसाच्या पानांवरून थेंब टपकताहेत आणि बाकी काही नाही. भाऊ मला ओल्या गवतावर पालथं झोपायला लावायचे आणि वारुळाला कान लावायला सांगायचे. "ऐका. उधई गिरणी चालवून राह्यली." मला त्या वाळवीचं कधी काही ऐकू आलं नाही, पण तसा पडून राहिलो की थोड्या वेळाने आपण शाळेत शिकवतो, आपल्याला दोन वर्गांच्या वह्या तपासायच्या आहेत, हे सगळं कोणा दुसऱ्याबद्दल आहे असं वाटायला लागायचं. समोर नाकाच्या उंचीवर माती जराशी उचलली जायची, तिला बारीक तडा जायचा, आणि त्यातून करड्या टोपीचं टोक वर यायचं. ते येताना दिसायचं नाही. पण पाहत राहिलं की मघापेक्षा ते वर आलेलं असायचं. भाऊ शेजारी पडून कुजबुजायचे, "हळू बोला, त्याले लाजच येते लय." तासभर आम्ही दोन प्रौढ, जबाबदार गृहस्थ त्या चिखलात तसे पडून असायचो. घरी गेल्यावर कपड्यांवरून ताई जे काही बोलायच्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ताई म्हणजे भाऊंची बायको. त्यांनी जन्मात एक सात्या तोंडात घातली नाही. घरातली भांडीसुद्धा त्या देत नसत. भाऊंची एक लोखंडी कढई वेगळी, स्टोव्ह वेगळा, आणि स्वयंपाक मागच्या ओट्यावर. कांदा, लसूण, काळा मसाला घालून भाऊ स्वतः सात्या करायचे, आणि मग सुरू व्हायचा त्यांचा नियम. हा नियम ऐकण्यासारखा आहे. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात जे ग्रंथवाचन होतं, त्यात चुंदाची गोष्ट येते. चुंद लोहाराने भगवंतांना, म्हणजे बुद्धांना, जेवू घातलं आणि ते त्यांचं अखेरचं भोजन ठरलं. त्या ताटात नेमकं काय होतं यावर विद्वानांचं एकमत नाही, पण कोणी म्हणतात अळंबी होती. भाऊंच्या मनाने ती गोष्ट तरुणपणीच घेतली होती. "भगवंत म्हणून गेले, चुंदाले दोष देऊ नका. बराबर हाय, थे भगवंत होते. पण चुंदाले रातच्याले झोप लागली असंन का, मास्तर?" हे विचारताना त्यांचा पुकाऱ्याचा आवाज इतका बारीक व्हायचा की मला जवळ सरकावं लागायचं. म्हणून त्यांचा नियम असा, की संध्याकाळी केलेल्या सात्यांतला पहिला घास एकट्या भाऊंनी खायचा. कढई झाकून ठेवायची. रात्र जाऊ द्यायची. सकाळी भाऊ धडधाकट उठले, तोंड धुतलं, चहा प्याले, की मगच इतरांनी खायचं. घासाआधी ओट्यावर बसून ते मोठ्याने म्हणायचे, "मले चुंद नाई व्हायचं." ताई आतून म्हणायच्या, "मले इधवा नाई व्हायचं, त्याचं काय?"

आणि एकदा हा नियम कामालाही आला. कोर्टाच्याच आवारात, लिंबाखालच्या हिरवळीत, एका सकाळी ताटाएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. भाऊ हरखले. मानेला कडं होतं, ते त्यांनी पाहिलंही होतं. पण कोर्टाच्या आवारातला माल खोटा कसा असेल, असा त्या भल्या माणसाचा समज. संध्याकाळी पहिला घास खाल्ला आणि तासाभरात उलट्या आणि जुलाब असे सुरू झाले की दोन दिवस दवाखान्यात सलाईन लावावी लागली. मी धावत मेहकरहून आलो. चेहरा कापसासारखा पांढरा पडलेला, ओठ सुकलेले, आणि मला पाहताच डोळ्यांत काय आनंद! "पाह्यलं ना मास्तर? नियम बराबर हाय! मी एकटाच पडलो. तुमच्या ताटात गेलं असतं तं?" माणूस मरणाच्या दारातून आला होता आणि एखादा खटला जिंकल्यासारखा हसत होता. ताई खाटेच्या त्या बाजूला तोंड फिरवून बसल्या होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

आता माझं पाप सांगतो. मी भाऊंच्या हातची एकही सात्या कधी खाल्ली नाही. लग्न झालं त्या पहिल्याच श्रावणात त्यांनी मोठ्या प्रेमाने माझ्या ताटात वाढलं, आणि माझी पाचावर धारण बसली. नव्या जावयाला नाही म्हणता येईना आणि गिळताही येईना. भाऊ पाणी आणायला आत गेले तेवढ्यात मी सगळं रुमालात गुंडाळून खिशात घातलं. मग ते बाहेर आल्यावर मी जे काही बोललो! मराठीचा मास्तर मी, विशेषणं हा माझा धंदा. मटण झक मारतं म्हणालो, मातीचा सुगंध म्हणालो, जिभेवर विरघळते म्हणालो. भाऊंचा चेहरा असा फुलला की त्या दिवशीच मी पुरता अडकलो. पुढे काही वर्षं रुमाल वाया गेले. आमच्या हिने गडद तपकिरी रुमाल आणायला सुरुवात केली. "नवरा जाण्यापेक्षा रुमाल गेलेला बरा," म्हणाली. मग मला युक्ती सुचली. सात्या मला घरी निवांत, ज्वारीच्या भाकरीसोबत खायला आवडतात असं मी जाहीर केलं. तेव्हापासून भाऊ डबा भरून द्यायचे, मी तो मेहकरला नेऊन घरामागच्या आवारात पुरायचो आणि फोनवर वर्णन ऐकवायचो. रुमाल धरून अठरा वर्षं. दर वर्षी नवं वर्णन. भाऊ ती वर्णनं पाठ करून विहारात, बाजारात, बस-स्टँडवर सांगत, "आमचे मास्तर काय म्हणतात ठाव हाय का?" हजार साक्षीदारांचं खोटं गळ्यावरून ओळखणारा माणूस, आणि माझं खोटं त्याला ओळखू येऊ नये? मी अगदी एस्टीवानी बोलायचो हो! पण माणसाचा कान प्रेमाने बहिरा होत असावा, असं समजून मी निश्चिंत होतो.

मग भाऊंना काचबिंदू झाला. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. याला इलाज नाही, आहे ती नजर थेंब टाकून सांभाळायची, डॉक्टरांनी सांगितलं. वर्षा-दोन वर्षांत कडेचं सगळं गेलं आणि मधलं धूसर झालं. त्या पावसाळ्यात मी बुलढाण्याला गेलो तर भाऊ खाटेवर बसलेले. शेजारी बांबूची टोपली धुऊन, पुसून ठेवलेली. ती त्यांनी माझ्या हातात दिली. "घेऊन जा मास्तर. वह्या ठेवाले कामी येईन. आता सात्या बंद." मी म्हणालो, का? तर म्हणाले, "तुमची ताई खात नाई. पोरगं पुण्याले कंपनीत, थे डब्यातले मशरूम खाते. माह्या भरोशावर खाणारे या दुनियेत एक तुमीच. कडं दिसत नाई मले आता, वाटी दिसत नाई. पाकळ्या पांढऱ्या का हिरव्या समजत नाई. तुमचा जीव कशाच्या भरोशावर ठेवू? नियम पाळला तरी एखांदं विष दोन रोजानं चढते म्हणतात." मग म्हणाले, "चुंदाचे डोळे तं चांगले होते."

मी ती टोपली घेऊन एस्टीत बसलो आणि चिखलीपर्यंत मला वर मान करता आली नाही. ज्याच्या जिवाची काळजी म्हणून त्या माणसाने आपला माळ, आपलं वारूळ, आपला पुकारा सोडला, त्याने अठरा वर्षं त्याचं अन्न रुमालात गुंडाळलं आणि मातीत पुरलं होतं. खरं सांगावं तर त्यांची अठरा वर्षं मातीत जातात, आणि न सांगावं तर उरलेली जातात. मी काहीच केलं नाही. शेवटी भादव्यात ताईंचाच फोन आला. "गुरुजी, दोन मयने झाले, घराबाहेर पाय नाई टाकला याहीनं. ढग गडगडला की भिंतीकडे तोंड करून झोपतात. म्या जन्मभर त्या सात्याले शिव्या देल्ल्या. पण तुमी या, अन् न्या याले एकदा. माणूस मुका होऊन राह्यला माह्या घरात."

मी गेलो. टोपली घेऊनच गेलो. भाऊंना म्हटलं, डोळे माझे वापरा, न्याय तुमचा. मी दिसेल ते सांगीन, तुम्ही निकाल द्या. भाऊंनी टोपली चाचपून पाहिली. मग म्हणाले, "शपथ घेसान?" रिक्षा करून आम्ही धुक्यातून घाट उतरलो, धुऱ्यापर्यंत मी त्यांना हात धरून नेलं. वारुळाजवळ आल्याचं त्यांना पायांनीच कळलं. ते थांबले, आणि कोपर उचलून म्हणाले, "तिथं. पळसाच्या उगवतीले." सात्या पळसाच्या मावळतीला होत्या, म्हणून मी भाऊंना हळूच तिकडे वळवलं. मग त्यांनी मला शपथ दिली. खरं सांगीन, खऱ्याबिगर काही सांगणार नाई. त्या ओल्या माळावर मी ते शब्द त्यांच्यामागून म्हटले. मी एकेक सात्या बुडापासून अलगद काढून त्यांच्या हातात देत होतो. ते बोटांनी मूळ मोजायचे, टोपी नाकाशी न्यायचे, मान खाली घालून विचारायचे. पाकळ्या? पांढऱ्या. कडं? नाही. वाटी? नाही. "टाका टोपलीत." मग बाजूच्या गवतात मला एक सगळ्यांत देखणी छत्री दिसली, दुधासारखी, वीतभर रुंद. ती हातात दिली तेव्हा वजनानेच भाऊंचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांनी ते हसले. "बापा, केवढी हाय! कडं?" कडं होतं. नाजूक, झालरीसारखं. ते हसू मोडायला माझी जीभ रेटेना. पण शपथ झाली होती, आणि संध्याकाळचा पहिला घास कोणाचा, हेही मला ठाऊक होतं. "आहे भाऊ. आणि बुडाशी वाटीही आहे." भाऊंनी ती दूर भिरकावली, हात मातीने घासले आणि म्हणाले, "शाब्बास." मग तोंडाशी हात धरून त्यांनी त्या दिवसाचा पहिला पुकारा केला. दरीतून तो परत आला. भाऊ मान वाकडी करून तो संपेपर्यंत ऐकत राहिले.

संध्याकाळी कढई चढली. पहिला घास भाऊंनी खाल्ला. मी तिथेच मुक्काम केला, आणि सकाळी अंथरुणातच माझ्या नावाचा पुकारा ऐकला, "मास्तर, हाऽजीर हो!" भाऊ चहा पिऊन, आंघोळ करून ओट्यावर बसले होते. ताट वाढलेलं होतं. डब्याचं मी नाव काढलं नाही. ताई दारात उभ्या राहून माझ्याकडे एकटक बघत होत्या. माझ्या रुमालांची हकिकत बहिणीकडून बहिणीला कधीच पोचली असणार, हे मला त्या क्षणी समजलं. मी भाकरीचा तुकडा मोडला, सात्यांत बुडवला आणि तोंडात घातला.

बाहेर धुकं होतं. मी चावत होतो आणि मला काही बोलता येत नव्हतं. चव कशी होती म्हणाल, तर अठरा वर्षांत मी जे जे बोललो होतो त्यातलं काहीच तिला लागू नव्हतं. मला नुसतं रडू येत होतं.

"काऊन मास्तर?" भाऊंचा चेहरा हळूहळू पडला. "यंदा जमल्या नाई वाटते. दरसाल तं तुमी..."

"घास हाय त्याहीच्या तोंडात," ताई दारातून म्हणाल्या. "गिळू तं द्या."

मी गिळला. म्हणालो, "भाऊ, या... म्हणजे... चांगल्या..." आणि पुढे शब्दच येईना. "वाढा ना... अजून थोड्या."

भाऊंनी मान वाकडी केली. कोर्टाच्या दारात उभे असताना करत असत तशी. थोडा वेळ ते माझ्या दिशेला, माझ्या जरा डावीकडे, पाहत राहिले.

"अठरा वर्सांत पयल्यांदा अडखळले तुमी, मास्तर," ते म्हणाले.

एवढंच. त्यांचा हात पळी शोधत कढईच्या कडेकडेने फिरला, त्याला पळी सापडली, आणि त्यांनी अंदाजाने माझ्या ताटात इतकं वाढलं की रस्सा ताटाबाहेर ओट्यावर सांडला. मी सगळं खाल्लं.